कार्बन न घातलेलं पत्र

मंत्रिपद गेल्यावर हैबतरावांना गाडी आठवली नाही,
पट्टेवाला आठवला नाही, आठवला तो लेखनिक.
हात कापायचा. अक्षर उताराला लागल्यासारखं
कागदाच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन पडायचं.
म्हणून मी. पोस्टमास्तरांची कुंदा,
अक्षर बरं, तोंड बंद.
कोरेगावात, स्टेशनच्या रस्त्याला, दर बुधवारी दोन ते चार.
पत्रामागे चार आणे आणि शेंगदाण्याचा एक लाडू.

आधी हवा.
'आज पहाटे थर्मामीटर अकरावर. जरंड्यावर धुकं.
गुडघा कालच्यासारखाच.'
मग मिरजेच्या मुजावर वकिलांना,
जे पंधरा वर्षं समोरच्या बाकावर बसून
यांच्या प्रत्येक वाक्याला हरकत घेत आले:
'कूळकायद्यावर तुमचं म्हणणं बरोबर होतं,
पण मांडलंत फार वाईट.'
आठव्या दिवशी उत्तर: 'मान्य. दमा वाढलाय,
आता मांडणं आणखीच बिघडेल.
सोबत हळदीचं बेणं. भुसभुशीत जमिनीत लावा,
भाषणासारखं खोल पुरू नका.'
ते वाचून दाखवलं की हैबतराव
खोकल्याचं निमित्त करून हसायचे.

प्रत्येक पत्राखाली कार्बन.
'पुढे कुणाला तरी लागेल,' म्हणायचे.
मी इतिहासात दोनदा नापास.
मला कशाला लागतंय म्हणत
कॉपिंग पेन्सिल जिभेला लावायची,
जांभळी जीभ, निळी बोटं घेऊन घरी जायची.

एका बुधवारी म्हणाले, कार्बन काढ.
हवा सांगितली नाही. गुडघा सांगितला नाही.
बराच वेळ खिडकीतून मालगाडीचे डबे मोजत बसले,
चुकले, पुन्हा मोजता येईनात, गाडी गेली होती.
मग पत्ता: धोंडू बाळू शेलार, पुनर्वसन वसाहत,
पुढे एका लांबच्या, काळ्या जमिनीच्या तालुक्याचं नाव.
त्यांचं मूळ गाव मी विचारलं.
'त्याला आता पिनकोड लागत नाही.'

चार ओळी.
'सा. न. वि. वि.' घालू का, विचारलं.
'नको. तेवढी ओळख नाही आमची.
मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही मांडवातून.'

घरी आईनं विचारलं, आज बोटं स्वच्छ कशी?
स्वच्छ होती, तरी मी हात धुतले.

महिन्यानं पोस्टकार्ड आलं. दुसऱ्याच कुणाच्या हातचं,
बहुतेक शाळेत जाणाऱ्या नातवाचं:
'पत्र पोचलं. वाचून घेतलं. दोनदा घेतलं.
इकडे पाणी मचूळ. डोंगर नाही.
तुमच्याकडचा वाघ्या घेवडा चांगला असतो म्हणतात.
बी असलं तर धाडा.'

हैबतरावांनी स्वतः निवडला. ताटात, चष्मा लावून,
किडका बाजूला, फुटका बाजूला,
पट्टे नीट उठलेला तेवढा पिशवीत.
टाके मी घातले, लाख आमच्या पोस्टातली.
परत दसऱ्यानंतर कार्ड:
'उगवला. वेल खूप झाला. शेंग धरली नाही.
जमीन वेगळी.'
हे त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं.
चौथ्यांदा मीच नाही म्हणाले.

आता साताऱ्याहून एक अभ्यासक येतात.
बरा मुलगा आहे, चप्पल बाहेर काढतो.
फायली लावल्यात त्यानं: राजकीय, कौटुंबिक, प्रकृती.
ती दोन कार्डं त्यानं 'शेतीविषयक' मध्ये टाकलीत.
विचारत होता, आजी, यांच्या आधीचं पत्र कुठाय?
याला उत्तर आहे म्हणजे पत्र असणारच.
मी म्हटलं, असेल की.
कशाबद्दल असेल?

माझं वय आता अठ्ठ्याहत्तर.
कालचं जेवण आठवत नाही, चार ओळी आठवतात,
दुसऱ्या ओळीत खोडलेल्या शब्दासकट.
मी त्याच्यापुढे लाडू सरकवला.
घेवड्याबद्दल, म्हटलं.
त्यानं लिहून घेतलं.